खसखशीचं फूल, सहा रंगांत

“जरा लांबून बघा, भिया.”

हे वाक्य आलं तेव्हा मी टेबलाखाली होतो आणि माझे फक्त पाय बाहेर होते. नवं ग्राफिक्स कार्ड बसवून झालं होतं, स्क्रू आवळून झाले होते, झाकण लावून झालं होतं. बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि मॉनिटर मात्र ढिम्म काळा राहिला. म्हणून मी खाली शिरून एकेक वायर हलवून पाहत होतो. सगळ्या हलवल्या, एक सोडून. मॉनिटरची वायर मी जुन्याच खाचेत खोचून ठेवली होती. बरं, ती जुनी खाच बंद करायचं कामही थोड्या वेळापूर्वी मीच केलं होतं. आधी जुनी सोय बंद करा आणि मग नवं कार्ड बसवा, असं आमच्या बँकेतल्या इंजिनियरने बजावलं होतं आणि मी ते अगदी मन लावून केलं होतं. म्हणजे ज्या दाराला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, त्याच दाराची कडी मी वाजवत बसलो होतो.

मी बाहेर आलो, गुडघे झटकले आणि लांबून पाहिलं. लांबूनही काळंच दिसत होतं.

“नाही दिसून राहिलं ना?” आमचे शेजारी आर्टिस्टजी म्हणाले. “मग अजून थोडं लांबून.”

यात त्यांना कॉम्प्यूटरचं काही कळत होतं असं मुळीच नाही. ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणायचे, आणि इंदुरी रीतीने प्रत्येकाला भिया, म्हणजे भैया. भिंतीवर कॅलेंडर लावलं, लांबून बघा. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, रांगोळी काढली, लांबून बघा. एकदा माझ्या हातावर भाजल्याचा फोड आला होता, तो त्यांना दाखवला, तर दंडाला धरून मला खिडकीपाशी नेलं आणि स्वतः पलीकडच्या भिंतीला टेकून पाहत राहिले. “रंग चांगला आलाय,” म्हणाले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला जगातली एकच गोष्ट दिसते आणि ती इतकी दिसते, की बाकीचं दिसलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. आर्टिस्टजींना कापडावरची छपाई दिसायची. ते मिलच्या डिझाइन खात्यात होते. छापील साड्या, चादरी, पडदे यांच्यावर जी फुलं असतात, ती आधी कोणीतरी कागदावर काढावी लागतात. ते काढणारे आमचे आर्टिस्टजी. मिलमध्ये सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, तेच नाव आमच्या लाइनीत आलं, आणि लाइटच्या बिलावर जे खरं नाव यायचं ते वाचून पोस्टमनसुद्धा दोनदा विचारायचा, हे कोण म्हणून.

आमची घरं मिलच्या मागच्या लाइनीत होती, एकाला एक लागून. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. मी बँकेत कारकून. बँकेत कॉम्प्यूटर आले तेव्हा कोणीतरी शिकायला जायचं होतं, आणि त्या दिवशी मी रजेवर असल्यामुळे सर्वानुमते माझं नाव गेलं. तेवढ्या भांडवलावर मी सगळ्या लाइनीचा कॉम्प्यूटरवाला झालो होतो.

माझ्या लग्नातली गोष्ट सांगतो. सासरची मंडळी धुळ्याहून आली होती, इंदूर पहिल्यांदाच पाहत होती. आर्टिस्टजींनी मांडवात माझ्या सासूबाईंच्या पदराकडे इतका वेळ टक लावून पाहिलं, की माझे सासरे खुर्ची सोडून मध्ये येऊन उभे राहिले. आर्टिस्टजी त्यांना म्हणाले, “तुम्ही जरा बाजूला व्हा. यांच्या साडीत तिसरा रंग सरकलाय.” मग मांडवातच सगळ्यांना समजावून सांगितलं, की छपाईत प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते, एकावर एक बसवतात, एखादी सुतभर हलली की पाकळी एकीकडे आणि तिची कड दुसरीकडे. सासूबाईंना तोवर आपली साडी फार आवडत होती. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्यांनी पदर मुठीत धरलेला आहे.

मिल काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एक खातं, मग दुसरं. डिझाइन खातं सगळ्यात शेवटी गेलं, असं आर्टिस्टजी ताठ मानेने सांगत. खरं म्हणजे त्या खात्याला कळवायचं राहून गेलं होतं. कापड छापणं थांबल्यावरही ते कितीतरी दिवस आपल्या खोलीत बसून फुलं काढत होते. शेवटी एक दिवस वॉचमनने येऊन सांगितलं, “आर्टिस्टजी, अब तो ताला लगाना है.” ते म्हणाले, “ही पाकळी होऊ दे.” आणि वॉचमन स्टूल ओढून बसला, असं तो वॉचमनच नंतर सांगायचा.

त्यानंतर त्यांच्याकडे कामं आली नाहीत असं नाही. कोणी दुकानाची पाटी रंगवायला सांगितली, कोणी ट्रकच्या मागचं लिहायला. ते म्हणत, “मी अक्षरवाला नाही, फूलवाला आहे.” एका शाळेत चित्रकला शिकवायला गेले, ते मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गाला एकच झोपडी आणि एकच डोंगर काढायला लावा म्हटल्यावर परत आले. आम्ही सगळे म्हणायचो, माणूस आखडू आहे. पण आमच्या लाइनीत ज्यांनी ज्यांनी मिळेल ते काम धरलं होतं, तेही हे म्हणताना आवाजात थोडा अभिमान ठेवून म्हणायचे. आपल्यातला एक तरी अजून नाही म्हणतोय, असा काहीतरी.

पण नाही म्हणायचं तरी किती दिवस? काकूंचे थोरले भाऊ देपालपूरला सोयाबीनचे व्यापारी होते. फार सज्जन माणूस. ते येऊन सांगून गेले, धान्याच्या मंडीत वजनकाट्यापाशी विश्वासाचा माणूस हवा आहे, बसून काम आहे, सावलीत आहे, खोली मी देतो. आर्टिस्टजी मला म्हणाले, “माणूस चांगला आहे हीच अडचण आहे, भिया. वाईट असता तर तोंडावर नाही म्हटलं असतं.” मग म्हणाले, “सोयाबीनला एकच रंग असतो.”

याच सुमारास सांवेर रोडवर चादरी छापणारे एक सेठजी त्यांना भेटले. बाजार मोकळा झाला होता, बाहेरचा माल येऊन पडत होता, सेठजींना नवी डिझाइनं हवी होती. त्यांनी कागदावरची फुलं पाहिली, आवडलीही, पण म्हणाले, “आर्टिस्टजी, अब कागज कौन देखता है? कंप्यूटर पे बना के दो. आगे फाइल ही जाती है.”

आर्टिस्टजींनी एका बंद होणाऱ्या डीटीपीच्या दुकानातला जुना कॉम्प्यूटर आणला आणि मला बोलावलं. माउस हातात घेऊन पहिला प्रश्न त्यांनी विचारला, तो असा: “साबणाच्या वडीने चित्र काढायचं?” सुरुवातीला माउस टेबलावरून फिरवत फिरवत ते कडेपर्यंत न्यायचे आणि मग टेबल संपलं म्हणून माझ्याकडे पाहायचे. उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा, हे मी शिकवलं. मी त्यांना शिकवलेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट. पुढे ते आपले आपणच शिकले आणि मी शेजारी बसून “अरे वा” म्हणायचं काम पाहू लागलो.

त्यांनी जे फूल काढलं ते खसखशीचं होतं. मंदसौरकडे शेतात पाहिलेलं. वरती पाकळी पांढरीशुभ्र, खाली येता येता ती केव्हा जांभळी होते ते कळत नाही. त्या न कळण्यातच सगळी कारागिरी होती. पण जुन्या मशीनला रंगच मोजके दाखवता येत होते. त्यामुळे पाकळीवर पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत जाड जाड पट्टे उमटायचे. सेठजी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा पडद्याकडे पाहून हसले, “ये फूल है कि प्याज?”

आर्टिस्टजींचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. सासूबाईंची साडी पाहताना झाला होता त्यापेक्षा वाईट होता.

सेठजी तसे समजूतदार होते. म्हणाले, शनिवारी दुपारी एकदा येतो, रविवारी अहमदाबादला जायचंय, तिथे डिझाइन करणारे पुष्कळ आहेत. बाकीचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. आणि आर्टिस्टजींनी देपालपूरला शब्द दिला, की शनिवारी इकडचं जमलं नाही, तर सोमवारी मी काट्यावर हजर. काकूंनी त्या दिवशी ट्रंक उन्हात ठेवली.

पट्टे घालवायचे तर नवं ग्राफिक्स कार्ड हवं, असं आमच्या इंजिनियरचं म्हणणं पडलं. कार्ड म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पाटी, कॉम्प्यूटरच्या पोटात बसते आणि पडद्यावर चित्र दाखवायचं काम करते. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन ते घेऊन आलो. शनिवारी बँक अर्धा दिवस, आलो की बसवतो, असं सांगून मी कार्ड त्यांच्या हाती दिलं. “पाकिटातून काढू नका,” हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांची मान हलली की आपण समजायचं, ऐकू गेलं. मान्य झालं असं समजायचं नाही.

तर शनिवार दुपार, मी टेबलाखालून निघालोय, पडदा काळा आहे आणि सेठजी येण्याची वेळ होत आली आहे. आर्टिस्टजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेरच्या खोलीत चादर बदलली होती, तीही त्यांच्याच डिझाइनची, मिलच्या काळातली.

“मी जरा फोन करून येतो,” म्हणालो. फोन आमच्या घरी होता.

घरात बायको म्हणाली, “काय झालं?”

“काही नाही. थोडं अॅडजस्टमेंट आहे.”

इंजिनियर जेवत होता. म्हणाला, “सर, मॉनिटर की केबल किसमें लगाई?”

“मॉनिटर में,” मी म्हणालो.

“वो तो ठीक है. दूसरा सिरा किसमें लगाया?”

मी त्याला थांब म्हणालो, रिसीव्हर बायकोच्या हातात दिला आणि पलीकडे गेलो. वायर काढून नव्या कार्डाच्या खाचेत लावली. आर्टिस्टजींना काही सांगितलं नाही. “कनेक्शन टाइट केलं,” एवढंच म्हणालो. बटण दाबलं. काळं. पण आता मला एक आवाज ऐकू आला. मशीन आतून शिट्टी घालत होतं. एक लांब, मग काही आखूड.

“हा आवाज आत्ता सुरू झाला?” मी विचारलं.

“नाही भिया, ते तर मघापासून बोलून राहिलंय,” आर्टिस्टजी म्हणाले. “मला वाटलं, नवीन आहे, बोलत असेल.”

मी पुन्हा फोनकडे. बायको तोवर इंजिनियरला त्याच्या बायकोच्या तब्येतीबद्दल विचारत होती. त्याने शिट्टी ऐकवायला सांगितली. मी ती फोनवर तोंडाने करून दाखवली. बायको आत निघून गेली.

“समझ गया,” तो म्हणाला. “मशीन को कार्ड दिख ही नहीं रहा. बाहर निकालो. नीचे जो सोने के दाँत हैं ना, उनपे कुछ लगा होगा. पेंसिल वाले रबर से घिस दो.”

मी परत आलो तेव्हा दारात स्कूटर उभी होती. सेठजी आले होते. काकूंनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून चहा दिला होता. आर्टिस्टजी आतल्या दारात असे उभे होते, की सेठजींना टेबल दिसू नये. लांबून बघा म्हणणारा माणूस त्या दिवशी कोणालाच कुठूनच काही दिसू देत नव्हता.

मी झाकण उघडलं, स्क्रू काढला, कार्ड उपसलं. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची बारीक रांग असते. तेच ते दात. ते खाचेत बसतात आणि त्यांच्यातूनच सगळा व्यवहार होतो. मघाशी बसवताना मी ते पाकिटातून काढून न बघताच खोचलं होतं, आता उजेडात धरलं.

एकूण एक दातावर कुंकवाचा ठिपका होता. शून्य नंबरच्या ब्रशने लावलेला, गोल, सारख्या मापाचा, एकही इकडचा तिकडे न सरकलेला. मी कार्ड उलटं केलं. मागेही होते.

“आर्टिस्टजी,” मी हळू आवाजात म्हणालो, “हे काय?”

“पूजा,” ते तितक्याच हळू म्हणाले. “मिलमध्ये नवीन मशीन आलं की पहिलं कापड घालायच्या आधी तोंडाला कुंकू लावायचो आम्ही. असंच कसं चालू करणार?”

“पण इथे?”

“मग कुठे? याचं तोंड हेच नाही का? बाकी सगळे डबे आणि खिळे आहेत.”

“एक बोट लावायचं होतं हो, वरती कुठेतरी.”

“एवढ्या सवाष्णी ओळीत उभ्या आहेत,” आर्टिस्टजी म्हणाले, “एकीला लावायचं आणि बाकीच्यांना तसंच पाठवायचं?”

“आणि मागच्या बाजूला?”

“मागच्या काय परक्या आहेत?”

  त्यांनी सकाळी उठून, आंघोळ करून, कुंकू पाण्यात कालवून, चष्मा लावून ते ठिपके काढले होते आणि वाळल्यावर कार्ड पुन्हा पाकिटात घालून ठेवलं होतं. वाळलेल्या कुंकवाचा थर सोन्यावर बसला होता आणि मशीनला बिचाऱ्याला कार्ड आल्याचंच कळत नव्हतं.

मी खिशातून रुमाल काढला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “अहो, पुसू नका.”

आवाज बारीक होता, पण आम्ही दोघंही थांबलो.

“कुंकू पुसायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “आज तर नकोच.”

आर्टिस्टजींनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाकडे पाहिलं. बाहेर सेठजींनी कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मशीनचं काय बिघडलंय ते आता कळलं होतं, ते दुरुस्त कसं करायचं तेही कळलं होतं, आणि ते करायचं नव्हतं. हा प्रश्न इंजिनियरला फोन करून विचारण्यासारखा नव्हता. मला शपथेवर विचाराल तर मलाही तो रुमाल पुढे करवत नव्हता. बँकेत असताना मी पक्का आधुनिक असतो.

“काकू, मग चित्र दिसणार नाही,” मी म्हणालो.

काकूंनी थोडा विचार केला. त्यांच्या माहेरी सोयाबीन होतं आणि सोमवार तोंडावर होता, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्या आत गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि कॉम्प्यूटरच्या उभ्या डब्याकडे बोट करून नवऱ्याला म्हणाल्या, “आधी याला लावा. मोठं लावा. मग तिथलं उतरवा. म्हणजे रिकामं नाही राहायचं.”

आर्टिस्टजींनी बोट बुडवून डब्याच्या कपाळावर कुंकू लावलं. एक पाऊल मागे येऊन बघितलं. पुन्हा पुढे जाऊन त्याची एक बाजू नीट केली. सेठजी बाहेरून म्हणाले, “आर्टिस्टजी, कितनी देर?”

“बस, मुहूर्त हो गया,” आर्टिस्टजी ओरडले.

मी रबर मागितलं. घरात रबरांना तोटा नव्हता, पण आर्टिस्टजींनी मला हात लावू दिला नाही. “तुम्ही बँकवाले. शिक्का मारल्यासारखं घासाल.” त्यांनी एक नवं रबर काढलं, ब्लेडने त्याचा कोपरा तिरका कापला आणि खिडकीत उभं राहून एकेक दात घासायला घेतला. मागून पुढून. फुंकर मारायची, फिरवायचं, पुन्हा घासायचं. हात अजिबात घाई करत नव्हता. घाई सगळी मलाच होती.

कार्ड परत बसवलं. वायर, या खेपेला, योग्य ठिकाणी. बटण दाबलं. शिट्टी झाली नाही. एक छोटासा टिक् आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली.

मी इतक्या जोरात “आलं!” म्हणालो, की सेठजी कप घेऊनच आत आले.

आणि पडद्यावर खसखशीचं फूल उघडलं, तर ते आधीपेक्षाही भयंकर. आधीचे पट्टे परवडले म्हणावं असं. सेठजींनी भुवया वर केल्या. आर्टिस्टजी माझ्याकडे वळले. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाच देपालपूरला जाऊन काट्यावर बसावंसं वाटलं. मग आठवलं, कार्डाबरोबर एक सीडी आली होती. मशीनला कार्डाची ओळख करून द्यायची असते, नाहीतर ते पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसून राहतं. सीडी घातली. “दो मिनट, सेठजी, अब असली रंग,” असं काहीतरी मी बोलत राहिलो. बायकोच्या माहेरच्या गप्पा सांगितल्या, साडीची गोष्टसुद्धा सांगितली. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. रंगांचा आकडा वाढवून ठेवला. आर्टिस्टजींनी साबणाची वडी हातात घेतली आणि फाइल उघडली.

मी टेबलाला अगदी चिकटून होतो. मला काही दिसेना, सगळं फक्त पांढरं वाटलं. आर्टिस्टजींनी माझ्या आणि सेठजींच्या, दोघांच्या खांद्याला धरून आम्हाला मागे भिंतीपर्यंत नेलं. म्हणाले काही नाही.

पाकळी वर पांढरी होती. खाली जांभळी होती. मध्ये ती केव्हा जांभळी झाली ते मी आजतागायत सांगू शकत नाही.

सेठजींनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “ये फूल कौन सा है?”

“खसखस का,” आर्टिस्टजी म्हणाले. “अफीम वाला. चादर पे रहेगा तो नींद अच्छी आएगी.”

सेठजी हसले. मग व्यापाऱ्याला शोभेल असं म्हणाले, “बढ़िया है. पर थोड़ा चटक करो. जामुनी निकाल के लाल कर दो.”

“नहीं होगा,” आर्टिस्टजी म्हणाले.

 दाराशी काकूंच्या बांगड्या वाजल्या.

“क्यों नहीं होगा?”

“लाल कर देंगे तो सोएगा कौन?”

सेठजी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते चादरी विकत होते, चादरीवर माणसं झोपतात हे त्यांच्या बहुधा बऱ्याच दिवसांत मनात आलं नसावं. मग त्यांनी विचारलं, “कितने रंग लगेंगे छापने में?”

“छह.”

“छह में ये सब? हमको तो आठ-दस बताते हैं.”

“छह,” आर्टिस्टजी म्हणाले. “और जोड़ कहाँ है, ढूँढ के दिखाओ.” चादरभर तेच फूल पुन्हापुन्हा येतं, तर एक तुकडा संपून दुसरा जिथे सुरू होतो ती जागा त्यांनी सेठजींना पडद्यावर शोधायला लावली. सेठजींनी चष्मा लावला, पुढे गेले, मागे गेले, बोट फिरवलं. सापडली नाही. मीही शोधली. मलाही सापडली नाही, पण माझं सोडा.

“दिख तो अच्छा रहा है,” सेठजी अखेरचा प्रयत्न म्हणून म्हणाले, “कपड़े पे भी ऐसा ही आएगा?”

आर्टिस्टजी अगदी सरळ उभे राहिले. मिलच्या गेटमध्ये शिरताना राहत असावेत तसे.

“कपड़े पे इससे अच्छा आएगा. ये तो काँच है.”

सेठजींनी फाइल नेली. अहमदाबादला गेले असतील तर दुसऱ्या कामाला गेले असतील. पुढच्या आठवड्यात आणखी डिझाइनं घेऊन या, असं सांगून त्यांनी स्कूटरला किक मारली, आणि मी, ज्याने त्या दिवशी एक वायर चुकवली आणि एक शिट्टी वाजवून दाखवली, तो सगळ्या लाइनीदेखत असा उभा होतो, जणू मिल मीच पुन्हा चालू केली आहे.

देपालपूरला फोन करायला आर्टिस्टजी आमच्याकडे आले. ट्रंककॉल करायची सवय असलेला माणूस, इतक्या मोठ्याने बोलले, की फोन नसता तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. “भाऊसाहेब, काट्यावर दुसरा माणूस बघा. हो, हो. मला काम मिळालं. नोकरी? नाही, नोकरी नाही. मी फुलं काढतो ना, तेच.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, काढायचं बंद कसं होणार?” आर्टिस्टजी म्हणाले, “मिल बंद झाली. मी कुठे बंद झालो?” रिसीव्हर खाली ठेवल्यावर मात्र त्यांनी तो हात थोडा वेळ तसाच फोनवर राहू दिला.

पुढे ते कितीतरी वर्षं फुलं काढत राहिले. ते कार्ड केव्हाच जुनं झालं, त्यानंतर दोन-तीन मशीनं बदलली, माउस जाऊन पेन आलं. नवी मशीनं बसवायला त्यांनी मला बोलावलं, पण पूजा झाल्यावर बोलावलं आणि कुंकू डब्याला बाहेरून लावलेलं असायचं. आता ते नाहीत. काकू मुलीकडे पुण्याला असतात. त्यांच्या घरात कोण्या कंपनीतले नवरा-बायको राहायला आलेत, दोघंही दिवसभर कॉम्प्यूटरवर. बिघडला तर मला बोलवा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. अजून बोलावलेलं नाही.

त्या शनिवारची गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ती दर वेळी थोडी मोठी होते आणि माझं त्यातलं काम जास्त वाढतं. पण पहिल्यांदा ती मी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितली. वायरीचा भाग गाळून, बाकी पुरेशी रंगवून. ती भाजी निवडत होती आणि ऐकत नव्हती. तिचं लक्ष भिंतीकडे होतं. पलीकडून काकूंचा आवाज येत होता, चांगला चढलेला. लाल करून दिलं असतं तर हात झिजला असता का? आलेल्या माणसाला असं तोंडावर नाही म्हणतात का? गेलं असतं ना काम, मग कोणाच्या दारात उभे राहिला असता? मध्ये आर्टिस्टजी काहीतरी बोलायला जात आणि काकू त्यांना पुढे बोलू देत नव्हत्या.

मी म्हटलं, “आज तरी काकूंनी भांडायला नको होतं. एवढं चांगलं झालं आणि बिचाऱ्याला…”

“भांडू दे,” बायको म्हणाली. “मिल बंद झाली तेव्हापासून त्या त्यांना एक शब्द उलटून बोलल्या नव्हत्या.”